पायरीवरचा पांढरा डाग

आई गेल्यापासून बावीस वर्षं माझ्या भावाच्या, मॅलकीच्या, ताटात माझ्याच हातची बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याच्या किसाचं धिरडं, पडत आली. मग पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थाने नोरीनशी लग्न केलं. आठवड्याच्या आत तिने चुलीजवळची माझी खुर्ची खिडकीपाशी सरकवली. तिथे उजेड बरा, म्हणे. मी हसले आणि आतून जळफळले. माझ्याकडे आता फक्त तवा उरला होता.

हॅलोवीनच्या दुपारी ती तव्यापाशीही आली.

"डेलिया, आज बॉक्स्टी मी करू? तुम्ही नुसतं सांगत जा."

"कर की. बटाटेच तर किसायचेत."

बोटं सोलवटली तरी बाई कुरकुरली नाही. किस फडक्यात घालून तिने घट्ट पिळला. हे पाणी थोडा वेळ ठेवलं, की तळाशी पांढरं सत्त्व बसतं. ते परत किसात मिसळलं, तरच बॉक्स्टी धरून राहते. आयर्लंडच्या या कोपऱ्यात, आमच्या लेट्रिममध्ये, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. नोरीन डब्लिनची.

"या पाण्याचं काय करू?"

"घाण पाणी ते. आण, टाकून येते."

मी ते मागच्या दारी ओतलं.

पहिली बॉक्स्टी उलथताना फुटली. दुसरी फुटली. तिसरीचा चुरा झाला. नोरीन रडकुंडीला आली आणि मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मॅलकी गोठ्यातून मागच्या दाराने आत आला. चुरा चमच्याने गोळा करून त्याने वर लोणी घातलं.

"झकास झालंय गं. वाढ अजून."

बावीस वर्षांत माझ्या बॉक्स्टीला 'मीठ बरोबर आहे' यापुढे त्याची जीभ गेली नव्हती.

खाऊन झाल्यावर तो बादली घेऊन मागे गेला. मीही गेले. काळ्या पायरीवर सत्त्व वाळून पांढरंफटक दिसत होतं. घरातल्या कामाला कधी बोट न लावलेला माझा भाऊ गुडघे टेकून ते घासत होता.

"दे इकडे, मी धुते."

"राहू दे. तिला दिसायच्या आत जायला हवं." त्याने वर पाहिलं नाही. "उद्या तिला नीट शिकव. सगळं सांग."

ओरडला असता तर सोसलं असतं. पण तो तिच्यासाठी असा गुडघ्यांवर बसला होता, आणि लाज वाटायच्या आधी मला तिचा हेवाच वाटला.