नोटोरियस नर्स मुक्ताई

मी पितळेची पाटी बोलतेय. दवाखान्याच्या दारावर असते, त्यामुळे माझ्यासमोर येणारी माणसं आजारी तरी असतात, नाहीतर घाईत. तरीही माझ्यावरची ओळ वाचून ती थबकतात, पुन्हा वाचतात आणि कोणाला तरी हळूच विचारतात, "हे चुकून लिहिलंय का?" म्हणून म्हटलं, काय झालं ते आपणच सांगून टाकावं.

मी पुण्याच्या कसबा पेठेतली. पाट्या कोरणाऱ्या सुदर्शनच्या छोट्या दुकानात पत्र्याच्या मोठ्या तुकड्यातून मला कापलं, कडा घासल्या, चमकवलं आणि फळीवर उभं केलं. शेजारी तयार पाट्या होत्या. एकीवर डॉक्टरांचं नाव, एकीवर वकिलांचं, तर एकीवर 'दुपारी बेल वाजवून स्वतःचा आणि आमचा अपमान करून घेऊ नये'. माझ्या अंगावर अजून काहीच नव्हतं. आपल्यावर कोणाचं नाव येणार, याचं मला फार कुतूहल होतं.

एके दिवशी हातात हेल्मेट घेऊन एक तरुण आला. त्याचं नाव विश्वजीत. नगर रस्त्याच्या बाजूचं त्याचं गाव आता शहरात आलं होतं. शेतांच्या जागी इमारती झाल्या होत्या आणि त्यांच्या सोसायटीत तळमजल्यावर एक दवाखाना सुरू होणार होता. त्याला विश्वजीतच्या आजीचं, मुक्ताईचं नाव द्यायचं ठरलं होतं. ती त्याच गावात आयुष्यभर सरकारी नर्स होती.

"सोसायटीत सगळ्या पाट्या इंग्लिशमध्ये आहेत," विश्वजीत म्हणाला. "नावाच्या आधी एक भारी शब्द पाहिजे. फेमस नको. फेमस तर वडापावची गाडीपण असते."

त्यानं मोबाईलमध्ये शोधलं. 'फेमस'च्या खाली शब्दांची रांगच होती. त्यातला एक त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिला. "नोटोरियस नर्स मुक्ताई. एकदम जोरात वाटतंय ना?"

"अर्थ बघितलात का?" सुदर्शननं मान वर न करता विचारलं.

"फेमसच. जरा जास्त."

"नक्की ना? नंतर तक्रार चालणार नाही. आम्ही स्पेलिंग तपासतो, चारित्र्य नाही."

मग छिन्नी माझ्या अंगावर फिरली. दुखलं, पण अक्षरांत काळा रंग भरला तेव्हा मला अभिमानच वाटला. शब्द लांबलचक होता, नक्कीच मोठ्या मानाचा असणार.

घरी गेल्यावर मला सोफ्यावर टेकवून ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या श्यामलाताई मला बघायला मुद्दाम खाली आल्या. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावला, मला वाचलं, चष्मा काढला आणि खुर्चीत बसल्या.

"विश्वजीत, नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध रे. दरोडेखोराला म्हणतात."

विश्वजीतचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पितळेची नसते तर. "आजी, सॉरी," तो म्हणाला. "मागची बाजू कोरी आहे. उद्याच दुसरा शब्द टाकून आणतो."

मुक्ताई शेंगा निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं. "थांब की. दुसरं शब्द तरी कंचं हायत, ते कळू दे. नाव माझं हाय."

श्यामलाताईंना असा विद्यार्थी बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा. त्या सरसावून बसल्या. "फेमस म्हणजे ज्याला खूप लोक ओळखतात."

"मला पलीकडच्या बिल्डिंगमधलं कोण वळखत न्हाई."

"मग वेल-नोन. तेवढंच, पण जरा साधं. आपल्या माणसांत, आपल्या भागात माहीत असलेला. एमिनंट म्हणजे आपल्या कामात फार वरच्या जागी पोचलेला."

"मी सायकलीवर हुते. म्होरं?"

"रिनाउंड. ज्याच्या कामाचं नाव लांबवर आदरानं घेतलं जातं. आणि सेलिब्रेटेड म्हणजे ज्याचं कौतुक होतं, ज्याचे सोहळे होतात."

मुक्ताई हसली. "माझ्या पायगुणानं सोहळं बंद पडायचं, ताई."

श्यामलाताईंना कळलं नाही. मलाही नाही. विश्वजीतनं मान खाली घातली, म्हणजे त्याला काहीतरी माहीत होतं.

मुक्ताईनंच सांगितलं. लसीकरणाला घरोघर फिरताना कुठल्या घरात कुठली पोर किती वर्षांची, ते तिला ठाऊक असायचं. कोवळ्या पोरीचं लग्न ठरल्याचं कळलं की ती आधी आईबापांना समजवायची. नाहीच ऐकलं तर पोलिसांना घेऊन मांडवात यायची. लोकांनी तिच्या सायकलीचे टायर फाडले. काही घरांनी तिच्या हातचं औषधसुद्धा बंद केलं. लग्नाच्या आमंत्रणाला तर तिचं दार सोडून पुढं जायचे.

"आता सांगा," ती म्हणाली. "ते नोटोरियस म्हंजे वाईट कामासाठी गाजल्यालं, बराबर? पण वाईट कुणाच्या मतानं?"

श्यामलाताईंनी चष्मा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "ते शब्दकोशात नसतं."

तेवढ्यात दारात हिरा आली. हिरा सोसायटीची अध्यक्ष. दवाखाना व्हावा म्हणून वर्षभर महापालिकेत खेटे घालणारी तीच आणि मुक्ताईचं नाव सुचवणारीही तीच. पण तिला पाहताच मुक्ताई पदर सावरून उठायला लागली.

"बसा नर्सबाई," हिरा म्हणाली. "इतकी वर्षं मला बघितलं की तुम्ही जिना बदलता. आज बसा."

मुक्ताई बसली. "तुजा मांडव मोडला मी. तुजा बाप मरेस्तोवर माझ्याशी बोलला न्हाई. आन् तू तर त्याच घरात हुतीस."

"तो माझ्याशीही बोलला नाही," हिरा म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते. हळद लागलेली. पोलिसांबरोबर तुम्हाला बघितलं आणि मी तुम्हाला शिव्या दिल्या, नव्या बांगड्या उतरवाव्या लागणार म्हणून. मग मला मामांकडे खडकीला पाठवलं. मामा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यांनी शाळेत घातलं. नोकरीचा पहिला पगार झाला त्या दिवशी मला तुमची आठवण आली. पण तुमच्याकडे यायला तोंड नव्हतं."

मुक्ताई सुपातली एकच शेंग हातात घेऊन फिरवत राहिली.

"आमच्या घरात तुम्ही हेच होतात," हिरानं माझ्यावरच्या शब्दाला बोट लावलं. त्या बोटाची ऊब मला अजून आठवते. "मॅडम, एकाच माणसाला एका घरात शिव्या आणि त्याच घरातल्या पोरीकडून दुवा, यासाठी इंग्रजीत शब्द आहे का?"

"मला तरी माहीत नाही," श्यामलाताई म्हणाल्या.

"मग मागं रिनाउंड टाकून आणतो," विश्वजीत म्हणाला.

मुक्ताई हिराकडे बघत होती. "हिला इचार. हिच्याइतका हक्क कुणाचा न्हाई."

हिरानं मला उचलून मांडीवर घेतलं. "आदराचे शब्द लोक वाचतात आणि पुढे जातात. ही वाचून थांबतील, विचारतील. राहू दे."

अशी मी जशीच्या तशी दारावर लागले. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात माझा उल्लेख शिताफीनं टाळला. सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा झाली म्हणे. श्यामलाताईंनी सगळ्यांना अर्थ समजावला आणि शेवटी तेच वाक्य लिहिलं, की बाकीचं शब्दकोशात नसतं.

आता माझ्यावर बोटांचे डाग पडलेत, 'एन'मधला रंग थोडा उडालाय. दवाखान्यातली नर्स आठवड्यातून एकदा लिंबू लावून पुसते. माझी तक्रार नाही.

परवाची गोष्ट. दोन वेण्या घातलेली एक मुलगी आईबरोबर खोकल्याचं औषध न्यायला आली. तिनं मला वाचलं आणि आई आत असताना वॉचमनला विचारलं, "काका, या कशासाठी नोटोरियस?"

"लहान पोरींची ठरलेली लग्नं मोडायच्या," तो म्हणाला.

मुलगी आईबरोबर घरी गेली. काल शाळेच्या वेळेला ती एकटीच आली, पाठीवर दप्तर. औषध नको होतं. माझ्यासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मग वॉचमनकडे वळली.

"त्या बाई अजून आहेत का?" तिनं विचारलं. "कितव्या मजल्यावर राहतात?"

वॉचमननं तिच्याकडे नीट पाहिलं आणि लिफ्टचं दार उघडून धरलं.