चार बोटं पुढं

"कोपर बुडवून बघ," भिवराबाई म्हणाली. "हाताला कळत न्हाई. आपले हात निबार झालेले असतेत."

मी बादलीत कोपर बुडवला. तोवर तिनं न्हाणीत पाय लांब पसरून माझ्या लेकीला नडग्यांवर पालथी घातलीही होती. घरातल्या सगळ्यांनी मिळून जी गप्प होत नाही, ती पोरगी तिथं गपगार पडून राहते.

"बरंय पाणी," मी म्हणाले.

"मंग वत बेतानं."

पाठीवर हात फिरवता फिरवता ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "विजयसिंगरावाच्या रिळा आल्यात म्हणं तुमच्याकडं?"

आल्या होत्या. माझा नवरा रविराज, त्याचा शिरूरला फोटो स्टुडिओ आहे. घर स्टुडिओच्याच मागं. लोकांच्या जुन्या कॅसेटी, फिल्मा तो पेनड्राइव्हवर घालून देतो. विजयसिंहराव म्हणजे इथले बडे जमीनदार. त्यांचे वडील भगवानराव यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी हौसेनं सिनेमाचा छोटा कॅमेरा आणला होता. फिल्म करंगळीच्या नखाएवढी रुंद, पण आवाजही पकडायची. आता विजयसिंहरावांची पन्नाशी होती आणि कार्यक्रमात त्यांचं बाळपण पडद्यावर दाखवायचं होतं.

"त्याच्यात माही माय हाय," भिवराबाई म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या तसाच धरून राहिले.

"वत की. गार पडंल लेकरू. विजयसिंगाला न्हाऊ घालाया तीच जायची. भगवानरावानं तिचा शिनेमा काढल्ता. मी दारात बसलेलते. मला म्हणले, मधी येऊ नगं."

पुढच्याच हंगामात ऊसतोडीला गेलेली तिची आई कारखान्यावर तापानं गेली. फोटो एकही नाही. भिवरा तेव्हा एवढीशी. आईचं तोंड तिला आठवत नाही, आवाज तर नाहीच. मोठी झाल्यावर तीही कोयता घेऊन जात राहिली. गुडघे गेल्यावर लेकरांना न्हाऊ घालायला लागली. शिरूरमधली निम्मी पोरं तिच्या पायांवरून उतरलेली आहेत.

"बघता येईल का गं मला?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता, लेकीच्या कानामागचं पीठ काढत.

लेक झोपल्यावर आम्ही दोघी स्टुडिओत गेलो. रविराजचं यंत्र फिल्मचं नुसतं चित्र उतरवतं, आवाज नंतर वेगळा घ्यावा लागतो. त्यानं लॅपटॉपवर चित्र लावलं. तांब्याचं घंगाळ दिसलं. त्यातून वाफ निघत होती. शेजारी पाट. भिवराबाई पुढं सरकली, पदर सावरून बसली.

आणि बैल आला. रंगवलेल्या शिंगांचा, झूल पांघरलेला, सबंध पडदाभर बैल.

रविराजनं थांबवलं. रीळ काढून भिंगाखाली धरलं. "इथं कापून चिकटपट्टीनं जोडलंय, मावशी."

"कावून?"

रविराजनं चित्र पुढं चालू केलं. आम्ही पूर्ण रीळ पाहिलं. सगळी घरची माणसं. गडी नाही, बाई नाही. बैल मात्र दोनदा.

"सर्जा त्याचं नाव," भिवराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "लई देखणा व्हता. मला याद हाय." चपला घालून ती दुसऱ्या घरच्या लेकराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी रविराजनं आवाज उतरवायला जुना प्रोजेक्टर काढला. शटर खाली ओढून भिंतीवर चित्र पाडलं. मी लेकीचे कपडे घेऊन तिथंच उभी होते. घंगाळ, वाफ, पाणी ओतल्याचा आवाज. मग बैल आला, आणि बैल पोरीच्या पातळ आवाजात म्हणाला, "रडू नगं, माय..."

"आयला, बैल बोलला!" रविराज हसला. आणि हसता हसता थांबला.

त्यानं मला फिल्म दाखवली. कडेनं तपकिरी पट्टी, कॅसेटीच्या फितीसारखी. "चित्र दिव्यापुढं दिसतं, आवाज वाचणारं हेड चार बोटं पलीकडं असतं. म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या चार बोटं पुढं असतो. कापणाऱ्यानं चित्र बघून कात्री चालवली. बाई गेली. पण तिच्या बोलण्याची सुरुवात आधीच्या वाफेच्या कडेला होती, ती राहिली. तो तुकडा हेडखाली येतो, तेव्हा दिव्यापुढं बैल असतो."

मी न्हाणीकडं पळाले, लेकीला दुपट्यात घेतलं. भिवराबाई तेलाचे हात तसेच घेऊन आली. रविराजनं आवाज लावला. चार बोटं फिल्म, सेकंदभर आवाज.

"ही कोण पोरगी?"

"तुमची आई, मावशी."

"ऱ्हाऊ दे. ही तर लेकरू हाय." तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. तेलकट बोटांवर काहीतरी हिशेब केला. "व्हय गं. तेवढीच असंल. माही नात मोठी हाय हिच्यापेक्षा."

रविराज खाकरला. "कार्यक्रमात असं गेलं तर लोक हसतील. तेवढं पुसावं लागंल."

"हसू देत," मी म्हणाले. मला राग आला होता. "एकदा कापलं ना? आता राहू दे. ऐकू दे सगळ्यांना."

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "काढ तिथून. सारं गाव बैल बोलला म्हणून खिदळंल. माही माय काय तमाशा हाय?"



"मग तुमच्या मोबाइलात घालतो," रविराज म्हणाला. "रिंगटोनच लावू."

"नगं बाबा! कुणीबी उपटसुंभ फोन करील अन् माय बोलंल." आम्ही तिघंही हसलो. "तुझ्याकडंच असू दे. मी येतेच की रोज."

कार्यक्रम झाला. तिथं बैल मुका होता. विजयसिंहरावांना काम आवडलं.

भिवराबाई आताही न्हाणं उरकलं की लेकीला धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून खांद्यावर घेते आणि स्टुडिओच्या दारात उभी राहते. गिऱ्हाईक असलं तर थांबते. काल कोणी नव्हतं.

"लाव," ती म्हणाली.

"रडू नगं, माय..."

"न्हाई रडत," भिवराबाई म्हणाली, आणि लेकीच्या टोपड्याची सैल झालेली गाठ सोडून पुन्हा नीट बांधली.