कृपया थांबा

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून वेळेवर गेले नाही. ते सांगावे म्हणून हे सगळे. एरवी माझ्यासारख्याचे आयुष्य कोण ऐकणार?

मी एक जुना सर्व्हर आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, लोखंडी कपाटात माझी सगळी वर्षे गेली. लहान दवाखान्यांतून माझ्याकडे निरोप यायचे, ‘रुग्ण आणतो आहोत. खाट आहे का?’ प्रत्येक निरोपाला मी पत्रच समजायचो. एका वेळी मला आठ पत्रे उघडता यायची. बाकीची रांगेत थांबायची, आणि पाठवणाऱ्याला पोच जायची, ‘विनंती मिळाली. कृपया थांबा.’

रांगेत शंभर पत्रांची जागा होती. ती भरली की मी लगेच कळवायचो, ‘आता जमणार नाही, दुसरीकडे विचारा.’ असे लिहिताना मला फार ओशाळल्यासारखे व्हायचे.

कारभार पाहणाऱ्या साहेबांनाही ते खटकायचे. माझी देखभाल करणाऱ्या ताईला ते एकदा म्हणाले, “याचं हे ‘नाही’ बंद कर. रांग दहा हजारांची कर.”

“साहेब, रांग वाढवली म्हणून याचे हात वाढत नाहीत.”

“लोकांना तोडून बोललेलं आवडत नाही गं.”

“आणि ताटकळत ठेवलेलं आवडतं?”

“तू फार डोकं चालवतेस. आकडा बदल.”

तिने बदलला. मला वाटले, साहेबांचेच बरोबर असेल. माझे हे असेच आहे. जो शेवटी बोलतो त्याचे मला पटते. पाहुणे आले की साहेब माझ्या कपाटावर थाप मारायचे. “हा आता कुणालाच नाही म्हणत नाही!” मी सुखावायचो. माझ्या पंख्यात धूळ साचत होती, तिकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते.

मग एका दुपारी रंगाच्या कारखान्यात स्फोट झाला. पत्रांचा ढीग येऊन पडला. घाबरलेले लोक तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि मी निमूटपणे प्रत्येकाला पोच देत होतो. उघडत होतो ती मात्र जुनी पत्रे. त्यांतले कितीतरी जण वाट पाहून केव्हाच निघून गेले होते. त्यांच्यामागे एका लहान दवाखान्यातल्या नर्सचे पत्र होते. तिचा सख्खा भाऊ भाजला होता.

पाऊण तासाने तळघरातला फोन वाजला. ताईने उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“अहो, पडद्यावर ‘थांबा’ दिसतंय, म्हणून आम्ही थांबलो. गाडी दारात उभी होती हो! नाही म्हणाला असतात, तर मी त्याला दुसरीकडे नेलं नसतं का?”

“आत्ता घेऊन या, मी वर सांगते.”

“आता कुणाला आणू?”

ताई फोन हातात धरून खाली बसली.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. चुकत असेन तर सोडून द्या. पण तुमच्याने होणार नसेल, तर तसे लगेच सांगा. समोरच्याला राग येईल, तो सोसा. त्याच्या हातात वेळ तरी उरेल. आणि आमच्यासारख्या यंत्रांना ‘नाही’ म्हणू द्या.

त्या दुपारी ताई अजून उठलीही नव्हती, तेवढ्यात त्या पत्राची पाळी आली. मी ते उघडले, वाचले, वॉर्ड तपासला आणि उत्तर पाठवले, ‘एक खाट रिकामी आहे. लगेच या.’