डाव्या कानाची बाजू

टाचणीमावशींचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. कपड्याचं माप जुळवताना त्यांच्या ओठांत सदा टाचण्या असत आणि त्यांच्या आडूनच त्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारत, म्हणून हे नाव पडलं. डाव्या कानानं ऐकू येईनासं होऊन बराच काळ लोटला होता. त्यामुळे घरात शिरस्ताच होता, बोलायचं असेल तर मावशींच्या उजवीकडे बसायचं.

आणि एके दिवशी सगळे डावीकडे बसू लागले.

झालं असं, की चालताना मावशींचा तोल जाऊ लागला. मुलानं त्यांना तपासणीला नेलं. डोकं न हलवता त्या यंत्राच्या अरुंद नळकांड्यात पडून राहिल्या. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, कानाची नस सुजलीये, बाकी काही नाही. हे सांगताना तो चष्मा पुसत होता. त्या संध्याकाळपासून तो आणि त्याचे वडील मावशींच्या डाव्या हाताला बसून हलक्या आवाजात बोलू लागले. मावशींना शब्द ऐकू येत नव्हते, पण बाजू बदललेली चांगली कळत होती.

शिलाई मशीनवर चादर पडली. कात्री वरच्या फळीवर गेली. जिना उतरायला बंदी झाली. न्हाणीघराच्या दाराबाहेरही नवरा खाकरत उभा राही. गिऱ्हाइकांना दारातूनच वाटेला लावलं जाई. मावशींचं जग खिडकीजवळच्या खुर्चीएवढं उरलं. पाणी मागितलं की लगेच मिळे, उत्तर मागितलं की "तू आराम कर" एवढंच.

मावशींनी मनाशी ताडलं, कॅन्सर आहे आणि आपले दिवस भरलेत. मग त्यांनी नवऱ्याला गरम कपडे कुठल्या कपाटात आहेत ते दाखवून ठेवलं. तो "बरं" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

वाचकहो, यात ही माणसं जगावेगळं काही करत नव्हती. आपल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून आपण सगळेच असं गप्प बसतो. त्या गप्पपणात तो माणूस एकटाच घाबरत असतो, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेल्यावर मुलानं आईला बाहेर बाकावर बसवलं आणि आपण आत गेला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर तपासणीचं चित्र आणि त्यातली कानामागची गाठ दाखवली. गाठ कॅन्सरची नव्हती. पण ती कवटीच्या तळाशी, हात सहजी पोचत नाही अशा ठिकाणी वाढली होती. ऐकण्याची नस आणि चेहरा हलवणारी नस तिथे हाडाच्या एकाच बोळातून जातात. गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटली होती. सगळी खरवडून काढली, तर डावा चेहरा लुळा पडण्याचा धोका मोठा होता. डोळा मिटला नसता, ओठ जुळले नसते. नसेवर गाठीचा पातळ थर ठेवला, तर चेहरा बहुधा वाचला असता, पण तो थर पुन्हा वाढू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं तपासण्या कराव्या लागल्या असत्या.

"सगळी काढा," मुलगा म्हणाला. "या वयात चेहऱ्याचं काय एवढं? आणि तिला सांगू नका, ती खचेल."

"चेहरा कुणाचा आहे?" डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं.

मुलगा चष्मा काढून पुसू लागला.

"तुम्ही आईवर माया करता, हे दिसतंय. पण त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. खचतील म्हणता, तर जरा त्या काचेतून बघा."

बाहेर मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. चेहरा पार उतरला होता. आई कधीच खचली होती आणि आपण तिला पाहिलंच नव्हतं!

त्यानं तिला आत आणलं. सवयीनं तो डावीकडे बसला. डॉक्टरबाईंनी बोटानंच खूण केली, तसा तो उठून उजवीकडे आला. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता.

"म्हणजे कॅन्सर नाही?" मावशींनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या रडल्या आणि मग चांगल्याच तापल्या. "अरे, मी मरणाची तयारी करत होते! आणि तुम्ही मला आराम करायला सांगत होता!"

मुलाला मान वर करवेना.

डोळे पुसून मावशींनी कामाचं विचारलं. "ओठांत टाचण्या धरता येतील का?"

"वचन देत नाही. थर ठेवला तर आशा बरी आहे."

"मग ठेवा. वाढला तर तेव्हा बघू."

शस्त्रक्रिया लांबली, पण पार पडली. डावा कान गेला तो गेलाच. ओठ काही महिने वाकडे राहिले, टाचणी गळून पडे. मावशी ती उचलून पुन्हा धरत. एका सकाळी ती टिकली.

पुढे एका तपासणीचा निकाल आणायला मुलगा एकटा गेला होता. परतला तेव्हा मावशी एका गिऱ्हाइकाच्या बाहीला टाचण्या लावत होत्या. तो दारात घुटमळला. मग स्टूल ओढून आईच्या उजव्या हाताला बसला.

"आई, तो थर थोडा वाढलाय."

मावशींनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. "किती? नीट सांग."

आणि तो नीट सांगू लागला. आजारी माणसाचा आजार आपल्याला वाटून घेता येत नाही, पण त्याची माहिती त्याच्यापासून चोरण्याचा हक्कही आपल्याला नाही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याला ऐकू येईल अशा बाजूला बसा.