आधी काठी, मग पाऊल

मित्रांनो, जवळ या, पण मला लगेच उचलू नका. मी एक जुना स्टेशनमास्तर आहे, वीतभर उंचीचा आणि नखशिखान्त प्लास्टिकचा. खांदे, कंबर आणि गुडघे एवढेच माझे हलतात. हातातला हिरवा झेंडा कधीच हरवला, रिकामी मूठ तेवढी उरली. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. खेळणं म्हणून जन्माला आल्यावर कोण कधी मुंडकं पिरगळेल याचा काही भरवसा नसतो.

मुंबईहून इथे इंग्लंडात, स्लाऊला आलेल्या हाईमसाहेबांनी मला आपल्या लेकीसाठी, सॅलीसाठी, बाजारातून आणलं. सॅली माझ्याशी पुष्कळ खेळली, मोठी झाली, लग्न होऊन गेली. मी बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो. फार वाईट वाटायचं. शेवटी तिच्या मुलीने, टालियाने, मला बाहेर काढलं. सॅली वेअरहाउसमधल्या कामावरून सुटेपर्यंत टालिया शाळेनंतर आजोबांकडे थांबते. आजोबा या घरात एकटेच राहतात.

टालियाला माझी फिल्म करायची होती. पायांखाली ब्लू-टॅकचा चिकट गोळा लावून मला टेबलावर उभं करायचं, फोनने फोटो काढायचा, किंचित सरकवायचं, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की मी चालतो म्हणे. कसला चालतो. ढकललेल्या खोक्यासारखा नुसता घसरत होतो. लायब्ररीतल्या फिल्म क्लबमधली मुलं हसली आणि पोर हिरमुसली.

त्यानंतर तिचं वागणं मला खटकू लागलं. आजोबा दाराकडे निघाले की ही सोफ्यामागे दडायची आणि त्यांच्या पायांवर फोन रोखायची. त्यांनी विचारलं की म्हणायची, "काही नाही."

हाईमसाहेब काय दूधखुळे होते? सॅली हल्ली सारखी विचारायची, "पप्पा, जिना जमतो ना? पडलात तर इथे कोण आहे?" हे घर विकून आपल्याला केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवणार, अशी धास्तीच त्यांनी घेतली होती. एका दुपारी चहा पिताना ते मला म्हणाले, "पाहिलंस? नातीला माझ्या पाळतीवर ठेवलंय. पुरावा गोळा करतायत." मला ते शंभर टक्के पटलं.

तेव्हापासून टालिया आली की आजोबांची चालायची काठी दाराजवळच्या कोटांमागे लपायची आणि आजोबा छाती काढून चालायचे. तिकडे फिल्म आणखीच बिघडली. "असा नव्हता हे," असं आपल्या मोडक्या मराठीत पुटपुटत ती मला वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची.

मग व्हायचं तेच झालं. एका गुरुवारी चहाचा कप घेऊन वळताना त्यांचा तोल गेला. टेबलाची कड धरायला गेले, हात सुटला आणि ते मटकन खाली बसले. त्यांच्यासोबत मीही पडलो. माझा डावा गुडघा तडकला. टालिया धावत आली, फोन हातात तसाच.

"घे, काढ फोटो," आजोबा म्हणाले. "आईला हेच दाखवायचंय ना?"

"आईला काय? तिला माहीतच नाही." ती रडू लागली. "मी फक्त तुमचा चाल बघत होते. सगळे टॉईज सेम चालतात, आजोबा. मला तुमच्यासारखा पाहिजे होता. आणि तुम्ही तो चेंजच केला."

तिने फोन पुढे धरला. प्रत्येक व्हिडिओत त्यांचे गुडघ्याखालचे पाय आणि काठी, बस. चेहरा कुठेच नव्हता. आजोबांनी ते सगळे पाहिले. त्यांना लाज वाटली, आणि खरं सांगतो, मलाही.

"काठी आण," ते म्हणाले. "आणि समोर उभी राहून शूट कर."

मग शिकवणीच सुरू झाली. आधी काठी पुढे. मग जरा थांबायचं. अंग काठीवर कललं की मागचा पाय सुटतो. "गुडघ्याला घाई करू नकोस, तो मागाहून येतो." टालियाने माझ्या मुठीत टूथपिक खोचली आणि तसंच केलं. थांबताना जागेवरच दोन-तीन फोटो, निघताना केसभरच सरकवणं. माझा तडकलेला गुडघाही नेमका उशिरा वाकायचा. मित्रांनो, मी खरोखर चालू लागलो.

आजोबांनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली, जी त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. जिन्यापाशी आले की ते भिंतीला हात टेकून थांबायचे. टालियाने तेही फिल्ममध्ये घेतलं.

रविवारी सॅली फिल्म बघायला बसली. पुरावा तर आम्हीच तिच्या हातात दिला होता. स्क्रीनवर मी भिंतीपाशी थांबलो आणि तिने फिल्म थांबवली.

"पप्पा, तुम्ही भिंत धरता?"

"धरतो," आजोबा म्हणाले. "रोज धरतो. सांगितलं असतं तर तू मला इथून हलवलं असतंस."

सॅली उठून जिन्यापाशी गेली आणि तिने भिंतीला हात टेकून पाहिला. मग वळून म्हणाली, "रेलिंग इथे लावू या, की थोडं खाली?"

"थोडं खाली," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटली, तर ती त्याच्या पाठीमागे करू नका. समोर जाऊन विचारा. आणि तो खरं सांगेल तेव्हा त्याला घाबरवू नका.