तुटक्या आऱ्याचं चक्र

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं मी कुंभकोणमच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या कितीतरी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. पण म्हातारपणी मीच एका बिनरीतीच्या उत्तरावर अडीच महिने विश्वास ठेवला. ठेवला, कारण ते उत्तर माझ्या भावाचं होतं.

भाऊ म्हणजे गुरुराज. माझ्याहून एकोणीस वर्षांनी धाकटा. आई त्याच्या बाळंतपणातून उठली नाही, आणि तो सात वर्षांचा असताना अप्पा गेले. माझं नुकतंच लग्न झालं होतं. अंबुजा या घरात आली ती एकदम सात वर्षांच्या पोराची आई होऊनच. पुढे आम्हांला मूल झालं नाही, पण घर रिकामं आहे असं कधी वाटलं नाही. त्याची मुंज मी लावली, डिप्लोमा मी करवला, लग्नही मीच करून दिलं. सासुरवाडीच्या ओढीनं तो दारासुरमला राहायला गेला, तरी सणाचं पान आमच्याकडेच. कुंभकोणम गावात त्याचं कंप्यूटरचं दुकान होतं. सत्त्याण्णव साली मी निवृत्त झालो, तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेलं एक यंत्र आमच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं. "अण्णा, आतां रिकामें बसूं नका," म्हणाला.

रिकामा मी बसणारच नव्हतो. आमच्या तंजावरी मराठी लोकांचा एक संघ आहे. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. पुण्याची माणसं आमची बोली ऐकून तोंडावर पदर धरतात, पण आम्ही ती सोडलेली नाही. या सगळ्या घराण्यांची एक जंत्री छापायची असं संघानं ठरवलं. गोत्र, उपनाव, कुळदैवत, घरात कोण कोण, पोरं कुठे. चारशेच्या वर घरं. घरोघरून पोस्टकार्डं येणार आणि ती सगळी मी यंत्रात भरणार. जानेवारीच्या मेळाव्यात जंत्री सर्वांच्या हातात द्यायची, असा शब्द मी भर सभेत दिला होता. निवृत्त माणसाला आणखी काय हवं असतं हो? कुणीतरी म्हणावं, हे काम विजयराघव मास्तरांनी केलं.

जंत्रीचा नियम मीच घातला होता, एका चुलीला एक क्रमांक. वेगळं राहणाऱ्याला वेगळा क्रमांक. हा नियम मी एकाच ठिकाणी मोडला. गुरुराजला सहकुटुंब मी माझ्याच क्रमांकाखाली लिहिलं, दोनशे सतरा. अंबुजेनं विचारलं, तर म्हटलं, त्याची चूल वेगळी असली तरी पान इथलंच आहे.

चार महिने यंत्र घोड्यासारखं धावलं. मग आयुधपूजा आली.

आमच्या गल्लीत त्या दिवशी सायकलीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना चंदनकुंकवाचे ठिपके लागतात. आम्ही माध्व वैष्णव. आमच्याकडे ठिपके नाहीत, आम्ही गोपीचंदन उगाळून त्यात पितळी मुद्रा बुडवतो आणि ठसा उठवतो. शंखाचा, चक्राचा. आमच्या चक्राचा एक आरा अप्पांच्याही आधी केव्हातरी तुटला आहे, त्यामुळे ठशात एका जागी फट राहते. मुंजीनंतर गुरुराजच्या दंडावर हा फटीचा ठसा रोज सकाळी मीच उठवायचो. त्याला गुदगुल्या व्हायच्या.

तर त्या दिवशी मी यंत्राच्या पेटीवर ठसा उठवला, कळफलकावर उठवला. मग मनात आलं, वरवर कशाला? मेमरी म्हणजे यंत्राचा जीव, असं गुरुराजनंच मला सांगितलं होतं. झाकण काढलं. आत मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी खोवलेल्या होत्या. दोन्ही अलगद काढल्या, दोहोंच्या पाठीवर एकेक चक्र उठवलं, वाळू दिलं, पुन्हा खोवल्या. यंत्र सुरू केलं. ठणठणीत. पुढचा अर्धा दिवस मी त्यावर पोस्टकार्डं भरली, याला अंबुजा साक्षी आहे.

दुसऱ्या दिवशी विजयादशमीला गुरुराज जेवायला आला. मी मोठ्या कौतुकानं झाकण काढून दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"अण्णा, हें काय केलांत? माती लाविलांत कीं हो!"

"माती नव्हे रे. गोपीचंदन."

"यंत्राला काय ठाऊक तें? मी नेतों, अस्कें सगळें पुसून आणतों. दोन दिवस द्या."

पायसम खाऊन तो पेटी स्कूटरवर बांधून घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणली. आणि तिसऱ्या दिवशी पडदा पहिल्यांदा काळा झाला. मधोमध पांढरी अक्षरं, मेमरी पॅरिटी एरर, सिस्टिम हॉल्टेड. अकरा घरांची भरलेली माहिती गेली.

मग ते रोजचंच झालं. कधी दहा मिनिटांत, कधी तासानं. जे साठवलं ते तरी धड राहावं? तेही नाही. भारद्वाज गोत्राच्या जागी चौकोन आणि हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं. त्या घरांच्या नातवंडांना मी काय तोंड दाखवणार होतो?

मी एक वही सुरू केली. तारीख, वेळ, त्या क्षणी काय करत होतो, उकाडा किती. गुरुराज आठवड्यातून दोनदा यायचा. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचा, या खाचेतली त्या खाचेत घालायचा, फुंकर मारायचा. त्यानं स्टॅबिलायझर बदलला. पेटीवर टेबलफॅन लावायला सांगितला. मी आणि अंबुजा घामानं निथळत बसायचो आणि पंखा यंत्राला. प्रत्येक वेळी जाताना तो एकच म्हणायचा, "गोपीचंदन आंत मुरलें, अण्णा. वेळ लागेल." रागावून नाही, अगदी हळू, आजाऱ्याला सांगावं तसं. त्यामुळे ते जास्तच लागायचं.

शेवटी मी गणिताच्या वाटेनं गेलो. एक पट्टी काढायची, एकीवर चालवायचं. मग दुसरी. एका पट्टीवर चक्राचा ठसा अजून अस्पष्ट दिसत होता. "ती नीट पुसली गेली नाहीं," असं गुरुराज म्हणाला होता. दुसरी लखलखीत स्वच्छ. ठशाची एकटी लावली तर यंत्र दिवसभर कुरकुरलं नाही. स्वच्छ पट्टी एकटी लावली, तर वीस मिनिटांत पडदा काळा. पण जंत्रीच्या प्रोग्रामला दोन्ही पट्ट्या लागत, एकीवर तो उघडतच नसे.

अंबुजा भाजी निवडत होती. न थांबताच म्हणाली, "मुद्रा आहे ती बरी चालते, मुद्रा नाहीं ती बिघडते. मग मुद्रेचा अपराध काय म्हणून? चोर सोडून संन्याशाला फाशी कां देतां?"

हे मी तिच्यासमोरच गुरुराजला विचारलं. त्यानं पट्टी काढून उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "हिच्यांत उदंड मुरलें होतें. म्हणूनच घासून काढावी लागली, वहिनी. नवी मागविली आहे, मद्रासहून येत नाहीं."

मी अंबुजेवर ओरडलो. तुला यातलं काय कळतं, म्हणालो. बत्तीस वर्षं रीत मागणारा माणूस मी, आणि बायकोनं रीत मांडून दाखवली तर तिच्यावरच ओरडलो.

मनातून मी खचलो होतो. देवाचं चिन्ह मी नको तिथे उठवलं, त्याची ही शिक्षा, असंच मला वाटायला लागलं. कार्तिकातल्या एका शनिवारी गुरुराजच्या स्कूटरवर मागे बसून तिरुनागेश्वरमला ओप्पिलियप्पनच्या देवळात गेलो. तिथे देवाला मिठाशिवाय नैवेद्य असतो. मी नवस बोललो, यंत्र बरं होऊन जंत्री छापली जाईपर्यंत शनिवारी अळणी जेवेन. गुरुराज माझ्या शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभा होता. घरी आल्यावर अंबुजेनं मला बिनमिठाचा सारभात वाढला, तेव्हा तो म्हणाला, "मला पण तसेंच वाढ, वहिनी. अण्णा एकटे कां म्हणून?" माझे डोळे भरून आले. पोर गुणाचं निघालं, असं मी त्या रात्री अंबुजेला म्हणालो.

डिसेंबर अर्धा सरला. संघाचे चिटणीस सुंदरराव मेलकावेरीला राहतात. त्यांचं कार्ड आलं. छापखान्याला महिनाअखेर मजकूर हवा, तुम्हांस साधत नसेल तर काम दुसऱ्याकडे देतों. खाली प्रेमानं लिहिलं होतं, नाहीतर माझ्या यंत्रावर येऊन बसा. त्यांचं यंत्रही गुरुराजनंच दिलेलं. माझ्याच शब्दावर त्यांनी ते घेतलं होतं, विजयादशमीच्या मुहूर्तावर मागवून.

पोस्टकार्डांची पिशवी घेऊन गेलो. काय सांगू, तीन तासांत साठ घरं! पडदा काळा होईल म्हणून मी दर ओळीला श्वास धरत होतो, आणि यंत्र आपलं शहाण्या पोरासारखं मुकाट. दुपारी सुंदरराव कॉफीचा डवरा-पेला घेऊन आले.

"मास्तर, तुम्हीं आतां वैद्य झालांत म्हणे. ती मेमरी मेमरी म्हणतात, ती असते कशी? दाखवा कीं."

मला शिकवायची खोड. वीज बंद केली, झाकण काढलं, आणि मोठ्या ऐटीत बोट दाखवायला गेलो. दोन पट्ट्या. अलीकडची कोरी. पलीकडचीच्या पाठीवर मळकट पांढरं चक्र. एक आरा नाही.

सुंदरराव माध्व नाहीत. त्यांच्या घरी गोपीचंदन नाही, मुद्रा नाही. मी ती पट्टी काढून खिडकीशी नेली. फट जिथे असायला हवी तिथेच होती.

"काय झालें?" सुंदररावांनी विचारलं.

"कांही नाही," मी म्हणालो. पट्टी जागच्या जागी खोवली, झाकण लावलं. कॉफी निवली होती, ती तशीच प्यायलो आणि चालत निघालो.

दुकानात गुरुराज एकटा जेवणाचा डबा उघडून बसला होता. मला बघून उठला. मी म्हणालो, "सुंदररावांच्या यंत्रात आपलं चक्र आहे."

तो नाकारील, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यानं नाकारावं अशी माझी इच्छा होती. तो खाली बसला.

"त्याच संध्याकाळीं मुहूर्ताला द्यायचें होतें, अण्णा. त्यांची एक पट्टी वाईट निघाली. ते परके, दुसऱ्या दुकानी गेले असते. तुमची घातली. तुम्हीं घरचे. नवा माल आला कीं बदलूं म्हटलें."

"नवा माल आला?"

"आला."

"केव्हां?"

"तिरुनागेश्वरमच्या आधीं."

पट्टी नेली त्याचं मला फार वाटलं नसतं. मागितली असती तर दोन्ही दिल्या असत्या. पण नवी पट्टी दुकानात पडलेली असताना हा माझ्या शेजारी डोळे मिटून उभा राहिला. माझ्या पंगतीला बसून अळणी जेवला.

"मग बदलली का नाहीस?"

"तोंवर तुम्हीं गोपीचंदनावर विश्वास ठेविला होता. बदलून यंत्र बरें झालें असतें, तर वहिनीनें विचारलें असतें, दोष पट्टीचाच होता तर ही पट्टी आली कुठून?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी जायला वळलो. दारात एक शेवटची गोष्ट विचारली, कारण तिचं उत्तर मला खरंच हवं होतं. "त्या पट्टीवरचा ठसा तरी पुसायचास. मला कधी कळलं नसतं."

तो डब्याकडे बघत म्हणाला, "अप्पांची मुद्रा, अण्णा. कशी पुसूं? हात धजेना."

मुद्रा पुसायला हात धजला नाही. मला फसवायला धजला. हे मी त्याला बोललो नाही. बोललो असतो तर तो रडला असता आणि मी त्याला जवळ घेतलं असतं. मला माझी खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवी पट्टी घेऊन आला. अंबुजेला मी सगळं सांगितलं होतं. तिनं दार उघडलं, "बस" म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. त्यानं पट्टी बसवली, यंत्र चालू करून दिलं आणि उंबऱ्याशी चपला घालू लागला. मी पोस्टकार्डं लावत होतो. मान वर केली नाही. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा अंबुजा आत गेली.

नऊ दिवसांत मी उरलेली सगळी घरं भरली. एकदाही पडदा काळा झाला नाही. छापखान्याला द्यायच्या आदल्या दिवशी पहिल्यापासून वाचत आलो आणि दोनशे सतराशी थांबलो. विजयराघव, अंबुजा, गुरुराज सहकुटुंब. एका चुलीला एक क्रमांक, हा नियम मीच घातला होता. मी शेवटचं नाव तिथून काढलं आणि खाली नवा क्रमांक घातला, दोनशे अठरा. गुरुराज, मुक्काम दारासुरम. पुढच्या सगळ्या घरांचे आकडे एकेकानं सरकवावे लागले. त्याला दुपार गेली.

मग साठवण्याची कळ दाबली आणि सवयीनं श्वास धरला. यंत्रानं एका अक्षराचीही तक्रार न करता सगळं साठवून घेतलं.