साक्षीआईचा भंडारा

"साबण लावलाय! हळदीच्या डागाला कुणी साबण लावतं का? आधी विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का? पण नाही. मोठ्यांचा कारभार!"

न्हाणीच्या दारात दुर्गाबाईंची ही कुरकूर वेणीमाधवरावांपासून जेमतेम दोन हातांवर चालली होती, तरी ती त्यांना ऐकू आली नाही. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी ही कला साधली होती. गिरणीचा भोंगा वाजला एवढं कळतं, तो काय म्हणाला हे कुणी विचारत नाही, तशीच बायकोची कुरकूर. शिवाय आज त्यांना ऐकायचंच नव्हतं. उपरण्यावरचा तो डाग जिथे पडला होता, तिथे एका जबाबदार सरकारी माणसानं मान वाकवायला नको होती. म्हणून तर भल्या सकाळी कधी नव्हे ती साबणाची वडी हातात घेऊन त्यांनी तो घासला होता, आणि वळूनही न पाहता उपरण्याचा बोळा धुण्यात खुपसला होता.

वेणीमाधवराव होटगीकर हे सहकारी पेढ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत कायदेसल्लागार मंडळाचे मुख्य. मंडळ म्हणजे ते स्वतः, दोन तरुण वकील आणि काचेच्या कपाटातले एकोणतीस ग्रंथ. कुठली पेढी कायद्याला धरून चालते आणि कुठली नाही, हे या मंडळानं सांगायचं. सन चौतीसच्या उन्हाळ्यात मात्र त्यांच्यापुढे असा पेच आला, की एकोणतीस ग्रंथांत मिळून त्याचं नाव सापडेना.

विणकरांच्या एका पेढीच्या आवारात साक्षीआई प्रगटली होती.

पेढीचे चेअरमन आबासाहेब हौद खणवून घेत होते, तेव्हा कडुनिंबाखाली एक शेंदरी दगड निघाला. त्याच आठवड्यात अक्कलकोटाकडून चन्नप्पा महाराज पायी चालत आले आणि दगडाला पाहून रडू लागले. ही साक्षीआई, म्हणाले. खरं-खोटं निवडणं हेच हिचं काम. पेढीला तरी दुसरी कुठली देवी लागते? सभासदांचा तंटा झाला की तीर्थानं हात धुवायचे, तळव्यावर आईचा भंडारा, म्हणजे देवीपुढची हळद, घ्यायची, दोन्ही हात चोळून शपथ घालायची. खऱ्याच्या हातात भंडारा पिवळाधमक राहतो. खोट्याच्या हातात रक्तासारखा लाल.

उपरणं घासलं त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, वेणीमाधवराव हे पाहायला गेले होते. सरकारी पाहणी म्हणून. अर्धी पेठ लोटली होती. बायका पोरं काखेत घेऊन चवड्यांवर उभ्या, बाप्ये आवाराच्या भिंतीवर चढलेले. चन्नप्पा महाराज तोंडानं सारखे चालूच.

"नोडी, नोडी! बघा, बघा! आईला वकील नको, स्टांप नको, तारीख नको! आईकडं अपील न्हाय! मुंबईचं कोर्ट चुकंल, लंडनचं कोर्ट चुकंल, आई चुकायची न्हाय!"

वादी होते आबासाहेब. त्यांच्या मेहुण्यानं पेढीचं कर्ज काढलं आणि तो निजामाच्या मुलखात पसार झाला. कागदावर जामीन म्हणून गोजरबाईचा अंगठा होता. गोजरबाई म्हणजे रंगाच्या कारखान्यात सूत धुणारी विधवा. तिचं दोन खणांचं घर आता पेढी घेणार. तिचं म्हणणं एकच, मी अंगठा दिला नाही. ठसा इतका फिसकटलेला, की पुण्याच्या तज्ज्ञानं 'मत देता येत नाही' असं लिहून कागद परत धाडला. मग आबासाहेबच मायेनं म्हणाले, "आपण घरची माणसं. कोर्टाची पायरी कशाला? आईलाच विचारू." गोजरबाई म्हणाली, "इचारा की. मला कशाचं भ्या?"

चन्नप्पांनी आबासाहेबांच्या हातावर तांब्याच्या गडूतून तीर्थ ओतलं. भंडारा चोळला. पिवळा.

गोजरबाईच्या हातावर पितळेच्या गडूतून ओतलं. तिनं भंडारा चोळला. "मी आंगठा दिल्याला न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली आणि हात उघडले.

लाल. तळवे असे, जणू आत्ताच काहीतरी कापलंय.

गर्दीतून एक 'हाऽऽ' निघाला. गोजरबाई हातांकडे बघतच राहिली. चन्नप्पांनी प्रायश्चित्ताची दक्षिणा ताटात टाकायला लावली, तिच्या तळव्यांवर लिंबाचा उतारा पिळला, आणि लाल पुन्हा पिवळं झालं. आईनं माफ केलं! मग सगळ्यांना प्रसादाचा भंडारा. पेढीत झाडलोट करणारी बजाबाई लिंबांचं ताट धरून उभी होती. तिच्यापुढे भंडारा आला तसं तिनं ताट खाली ठेवलं आणि हात पदराखाली घेतले. "मला नगं. मला कामं हायती." वेणीमाधवरावांनी मात्र मान पुढे केली. सगळेच करत होते. तोच तो डाग.

शनिवारी कचेरीत मंडळ बसलं.

"साहेब," धाकटे वकील गंगाधरपंत म्हणाले, "दोन्ही बाजूंनी कबूल केलेली देवाची शपथ कायदा मानतो."

"शपथ मानतो. रंग मानतो का?"

"रंग हा शपथेचा भाग धरावा की परिणाम, यावर मत होऊ शकतं."

त्यावर दुपारपर्यंत मत झालं. सात पानं भरली. रंग भाग असल्यास काय, परिणाम असल्यास काय, आणि दोन्ही असल्यास काय. तीन शिकली-सवरली डोकी, तिघांच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या. पण रंग बदलतो कसा, हे एकानंही विचारलं नाही. एकाला आबासाहेबांची भीती होती, दुसऱ्याला साक्षीआईची, आणि मुख्यांना दोघांचीही.

सातवं पान वाळत होतं तेवढ्यात गोजरबाई दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, आबासाहेब म्हनले सोमवारी कबुलीचा कागुद हुनार. त्यावर तुमची सई लागती म्हनं. लवकर करा की. घर घ्या म्हनावं."

"अंगठा तू दिला होतास?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"न्हाय."

"मग कबुली कशाची देतेस?"

तिनं आपले तळवे उलटून पाहिले. "आई कशाला खोटं बोलंल, साहेब? मालक गेल्यापासनं माझं डोस्कं ठिकाणावर न्हाय. दिला बी आसंल. इसरली आसंन मीच."

वेणीमाधवरावांनी आयुष्यात खोटं बोलणारी माणसं ढीगभर पाहिली होती. खरं बोलून स्वतःवरच अविश्वास धरणारं माणूस ते पहिल्यांदा पाहत होते. ती गेली, आणि ती सात पानं त्यांना वाचवेनात.

घरी आले तर अंगणात दोरीवर उपरणं. त्याच्यावर तळहाताएवढा तांबडा लाल डाग. ते दोरीपासून दोन पावलं मागे सरले. आईनं आपल्यालाही पकडलं! पाहणी म्हणून गेलो आणि नमस्कार करून आलो, हे तिनं ओळखलं!

"दुर्गे," ते कसेबसे म्हणाले, "यावर... कुंकू सांडलं का?"

"कुंकू कुठलं? हळद आहे ती. सकाळपासून घसा कोरडा करतेय मी, साबण लागला की हळद तांबडी होते, तांबडी होते! साबण, सोडा, पापडखार, पानाचा चुना, काहीही लागू दे. ऐकतंय कोण?"

"देवीची हळद पण?"

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की ते बी.ए., एलएल.बी. क्षणभर बिगारीच्या वर्गात जाऊन बसले. "देवीची हळद काय देवीच्या घरी कुटतात? बाजारातूनच येते ना?" त्यांनी अर्धं लिंबू आणून डागावर पिळलं. लाल ओसरलं, पिवळं वर आलं.

वेणीमाधवराव पायरीवर बसले. त्यांना दोन गडू आठवले. एक तांब्याचा, एक पितळेचा. त्यांनी शुक्रवारचं सगळं दुर्गाबाईंना सांगितलं.

"पितळेच्या गडूत चुन्याची निवळी असणार," दुर्गाबाई म्हणाल्या. "पाण्यासारखी स्वच्छ दिसते. आणि सूत धुणाऱ्या बाईला निवळी तरी कशाला? तिच्या हातांत सोडा मुरलेला असतो."

"मग तिथे दोनशे बायका होत्या. एकीलाही कळलं नाही?"

"कळायचं काय त्यात? रोज बघतात," त्या म्हणाल्या. "पण आईचा भंडारा आणि आपल्या डब्यातली हळद एकच, असं कुणी आधी म्हणायचं?"

सोमवारी सकाळी पेढीच्या आवारात पुन्हा गर्दी. कबुलीचा कागद तयार, गोजरबाई मान खाली घालून बसलेली. वेणीमाधवराव उभे राहिले.

"सहीपूर्वी एक रिवाज आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करायचा वकिलाला हक्क असतो. इथे साक्षीदार साक्षीआई आहे."

"देवीची उलटतपासणी?" चन्नप्पा ओरडले. "कोप हुईल, कोप!"

"माझ्यावर होऊ दे. सरकार भत्ता देतं." त्यांनी उजवा हात पुढे केला. "पितळेचा गडू ओता."

महाराजांचा हात पुढे येईना, तेव्हा दुर्गाबाईंनीच बायकांतून उठून गडू उचलला आणि ओतला. वेणीमाधवरावांनी मुठीत भंडारा चोळला.

"माझं नाव वेणीमाधव आहे," ते म्हणाले आणि मूठ उघडली.

लाल.

"अरारा! साहेबांचं नावच खोटं?" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं.

"आता तांब्याचा." डाव्या हातावर पाणी, भंडारा, आणि मग अगदी कोर्टातल्या आवाजात, "मी चन्नप्पा महाराजांची आजी आहे."

पिवळाधमक.

हसण्याचा असा लोट उठला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. "आजी, नातवाला घरी न्या!" चन्नप्पा "नोडी, नोडी" म्हणत पिशवी आवरायला लागले, पण नोडायला आता कुणी नव्हतं. दुर्गाबाईंनी घरचा हळदीचा डबा उघडला, चिमटीभर हळद साबणाच्या वडीवर घासली आणि वडी बायकांत फिरवली. वडी तांबडी. एकेकीनं बघितली, पुढे दिली. कुणालाच नवल वाटलं नाही. एकेकीची मान तेवढी खाली गेली.

"यात देवी नाही आणि कोप नाही," वेणीमाधवराव म्हणाले. "चुना आहे, सोडा आहे, हळद आहे. या परीक्षेत ज्याचे हात कष्टाचे, तो खोटा ठरतो. ज्याच्या हाताला कधी काम लागलं नाही, तो खरा. अशी देवी कुणाच्या सोयीची, ते तुम्हीच बघा. मीही घाबरलो होतो. सात पानं लिहिली, पण 'हे होतं कसं' एवढं विचारलं नाही. तेवढं विचारत जा. घरात विचारा, इथे विचारा, मला विचारा. जी गोष्ट हातानं रोज कळते, ती देवळाच्या दारात विसरू नका."

आबासाहेब मात्र जागचे हलले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "फार चांगलं. महाराज लबाड निघाले, आम्हीही फसलो. पण वकीलसाहेब, भंडारा खोटा ठरला म्हणून अंगठा खोटा ठरत नाही. कागद कागदच आहे. आहे का कुणी साक्षीदार?"

बोलणं कायद्याला धरून होतं. गंगाधरपंतांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी कागदाकडे. आवारातून कुणी पुढे येईना. त्या पेठेत आबासाहेबांच्या शब्दावर माग मिळत होते आणि बंद होत होते. गोजरबाईनं शाईच्या डबीकडे हात नेला.

तेव्हा मागून बजाबाई पुढे आली. हातातला खराटा तिनं भिंतीला टेकवून ठेवला, दुर्गाबाईंच्या डब्यातली चिमूटभर हळद घेतली आणि तळव्यावर चोळली. हात उघडून बघितला, नुसती पिवळी हळद होती; मग आबासाहेबांकडे बघितलं.

"ठिव त्यो हात खाली, गोजरे," ती म्हणाली. "पगाराचा कागुद हाय म्हनून आबासाबांनी माझाच हात धरला हुता. त्या कागदावरचा आंगठा माझा हाय."